एका ब्रासाचे घनमूळ



या व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आमच्या नावापुढे 'घनमूळ आणि मूळ अवयव' असा विषय छापलेला पाहून पुष्कळांना ती छापखान्याची चूक वाटली. कामगार संघटनेच्या माणसाने पगारावर बोलावे, बोनसावर बोलावे, फार तर संपाच्या आठवणी सांगाव्यात. घनमूळ हा मास्तरांचा प्रांत. शिवाय आम्ही सातवीनंतर शाळेची पायरी चढलो नाही, हे येथे बसलेल्या अनेकांना ठाऊक आहे. जे थोडेबहुत गणित आले, ते मोठेपणी, दुसऱ्यांच्या मुलांची जुनी क्रमिक पुस्तके मागून आणून आले. तरीही हा विषय आम्ही चालकांकडे हट्टाने मागून घेतला. का, ते ऐकून झाल्यावर आपणांस पटेल अशी आशा आहे.

आपला माण तालुका हा खोदणाऱ्या माणसांचा मुलूख आहे. पाऊस थोडा, म्हणून विहीर खोल. विहिरीला पाणी नाही, म्हणून तलावाचे काम. १९७२ च्या दुष्काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी पाझर तलाव खोदले, नालाबांध घातले, खडी फोडली. आपल्याच शेजारच्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात, वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ साली ज्या योजनेचा पहिला प्रयोग झाला, ती रोजगार हमी योजना पुढे राज्यभर गेली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. अगदी अलीकडे, २०१८ साली, याच तालुक्यातील टाकेवाडीने वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला, तोही टिकाव, फावडे आणि घमेले हाती घेऊनच.

आता या सगळ्या कामांत एक गोष्ट समान आहे. घामाचे मोजमाप कोणी करीत नाही. मोजमाप होते ते खड्ड्याचे. खड्ड्यात मध्ये मातीचा एक उंचवटा न खोदता ठेवतात, त्यावरून मूळ जमीन किती उंच होती ते कळते. टेप लागतो, लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार होतो आणि मोजमाप पुस्तिकेत एक आकडा पडतो. तो आकडा म्हणजे मजुराची भाकरी. कोठे तो घनमीटरमध्ये असतो, कोठे ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. वाळू, मुरूम, खडी, डबर हे सारे आपण ब्रासवर घेतो नि देतो. पण शंभर घनफूट दिसायला केवढे असते, हे विचारले तर दहांतले नऊ जण हात पसरून अंदाज दाखवतील.

आमची स्वतःची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका दगडखाणीवर आम्ही मजुरांच्या वतीने बोलणी करीत होतो. दर ब्रासवर ठरला. डबराचे चट्टे रचायचे आणि चट्टे मोजून पैसे घ्यायचे, असे ठरले. पूर्वी चट्टा दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट उंच असा रचीत. त्याचा गुणाकार शंभर होतो हे पोरसुद्धा सांगेल. परंतु ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "जागा फार अडते. लांबी, रुंदी, उंची सारखी ठेवू. पाच, पाच, पाच. एक चट्टा, एक ब्रास." दगडांमधल्या पोकळीची वजावट दरातच धरलेली होती, तेव्हा तो प्रश्न नव्हता. आम्हांला ते सुटसुटीत वाटले. आम्ही मान डोलावली आणि कागदावर सही केली.

तीन आठवडे गेले. एके दिवशी खाणीवरची एक वयस्क बाई आम्हांला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, ह्यो चट्टा ब्रासाचा न्हाई. ज्यादा हाय. आमचं हात सांगत्यात." आम्ही तिला समजावले की बाई, आकार बदलला म्हणून तसे वाटते. ती गप्प राहिली. त्या रात्री मात्र झोप लागेना. उठून पाटी घेतली. पाच पाचे पंचवीस, पंचवीस पाचे सव्वाशे. शंभर नव्हे, सव्वाशे! चार चट्ट्यांत पाच ब्रास माल जात होता आणि पैसे मिळत होते चार ब्रासांचे. पाच दिवसांतला एक दिवस ती माणसे फुकट राबत होती, आणि त्या कागदावर सही आमची होती.

इतका साधा गुणाकार आम्ही आधी का केला नाही? कारण 'शंभराची सारखी बाजू सुमारे पाच' असे कानाला बरे वाटले. येथेच घनमूळ येते.

ज्या पेटीची लांबी, रुंदी आणि उंची सारखी, ती घनाकृती पेटी. बाजू दोन फूट असेल तर आत आठ घनफूट मावतात, तीन असेल तर सत्तावीस, चारला चौसष्ट, पाचला सव्वाशे. म्हणजे दोनाचा घन आठ आणि आठाचे घनमूळ दोन. बाजूवरून पोटाचा माल काढणे हा घन. पोटाच्या मालावरून बाजू काढणे हे घनमूळ. शंभर हा आकडा चौसष्ट आणि सव्वाशे यांच्या मधे पडतो. तेव्हा त्याचे घनमूळ चार आणि पाच यांच्या मधे कोठेतरी असणार. पण नेमके कोठे?

ते शोधण्याचा मार्ग अवघड नाही. गवंडी भिंत उतरवतो तेव्हा एकेक दगड सुटा करतो. तसाच आकडा सुटा करायचा. दोनने भाग जातो तोवर दोनने, मग तीनने, मग पाचने, सातने, याप्रमाणे. ज्यांना स्वतःखेरीज आणि एकाखेरीज कशानेच भाग जात नाही अशा दोन, तीन, पाच, सात, अकरा या मूळ संख्या. त्यांच्यापर्यंत पोचलो की थांबायचे. उदाहरणार्थ २१६ घ्या. दोनने भागून १०८, पुन्हा ५४, पुन्हा २७. आता तीनने ९, मग ३, मग १. म्हणजे २१६ = २ × २ × २ × ३ × ३ × ३. आता सारख्यांचे तिघातिघांचे गट करा. दोनांचा एक गट, तिनांचा एक गट. प्रत्येक गटातून एकेक प्रतिनिधी बाहेर घ्या: दोन आणि तीन. त्यांचा गुणाकार सहा. २१६ चे घनमूळ ६.

तिघेच का? कारण पेटीला बाजू तीन दिशांना आहेत. प्रत्येक मूळ अवयव लांबीला एक, रुंदीला एक आणि उंचीला एक असा सारखा वाटता आला पाहिजे. चौघे आले तर तिघांची वाटणी होते आणि एक उरतो. उरलेल्याला हाकलायचे नाही नि लपवायचेही नाही. तो घनमूळाच्या चिन्हाखाली तसाच ठेवायचा. यालाच घनमूळ साध्या रूपात मांडणे म्हणतात.

आता हाच नियम शंभराला लावू. १०० = २ × २ × ५ × ५. दोन दोघे आहेत, पाचही दोघे आहेत. तिघांचा गट एकही नाही. बाहेर येणारा कोणी नाही. ∛१०० हे ∛१०० च राहते. याचा अर्थ असा, की एका ब्रासाचा सारख्या बाजूंचा चट्टा पूर्ण फुटांत रचताच येत नाही. ठेकेदाराच्या माणसाने जे सुटसुटीत म्हणून सांगितले, ते मुळात अस्तित्वातच नव्हते.

परंतु हे अवयव आणखी एक गोष्ट सांगतात. १२५ म्हणजे ५ × ५ × ५. १०० म्हणजे ५ × ५ × २ × २. दोन पाच दोन्हीकडे आहेत. तिसऱ्या पाचाच्या जागी शंभरात दोन गुणिले दोन, म्हणजे चार आहेत. तेव्हा पाच लांब, पाच रुंद आणि चार उंच असा चट्टा रचला की बरोबर एक ब्रास! त्या बाईच्या हातांना जे जड वाटत होते, ते हे वरचे एक फूट होते. शिवाय यात न जुळलेले अवयवही दिसतात: शंभरात एक दोन आणि एक पाच कमी आहे. ते भरले, म्हणजे दहाने गुणले, की १००० होतात आणि त्याचे घनमूळ पूर्ण दहा येते. एका ब्रासाला सारख्या बाजूंचे घर पूर्ण फुटांत नाही. दहा ब्रास एकत्र आले की दहा फुटांचे नीट घर मिळते. संघटनेच्या माणसाला हे गणित आवडले तर नवल नाही.

आता खाणीवरून शेतावर येऊ. शासनाच्या योजनेत आपल्याकडे तीस मीटर लांब, तीस रुंद आणि तीन खोल अशी शेततळी पुष्कळ झाली. बाजू सरळ उभ्या धरल्या तर घनफळ ३० × ३० × ३ = २७०० घनमीटर. एका घनमीटरात एक हजार लिटर पाणी, म्हणजे सत्तावीस लाख लिटर. हेच पाणी सारख्या बाजूंच्या हौदात ठेवायचे तर बाजू किती? २७०० = २ × २ × ३ × ३ × ३ × ५ × ५. तिनांचा गट पुरा झाला. एक तीन बाहेर आला. आत २ × २ × ५ × ५ उरले, म्हणजे पुन्हा आपले शंभरच. उत्तर: ३∛१००. सत्तावीस ब्रासांचा घन रचला तर त्याची बाजूही फुटांत हीच येईल: एका ब्रासाच्या बाजूच्या तिप्पट. माप मीटरचे असो की फुटाचे, आकड्यांची घडण एकच.

कोणी म्हणेल, एवढे कशाला? यंत्रावर १०० चे घनमूळ ४.६४ येते, तिपटीने १३.९२, संपले काम. पण १३.९२ चा घन करून पाहा. २७०० येत नाहीत; सुमारे २६९७ येतात. दशांश चिन्हापुढची दोन घरे सोडून बाकीची टाकली, तेवढ्यात जवळजवळ पावणेतीन हजार लिटर पाणी सांडले. ३∛१०० यात थेंबही सांडत नाही. म्हणून हिशेब चालू असताना खरा आकडा चिन्हाखाली जपावा आणि टेप हातात घेण्याच्या वेळीच दशांश करावा.

येथे एक इशारा दिला पाहिजे. गट बाहेर काढण्याची ही मुभा गुणाकारात आहे, बेरजेत नाही. २७ गुणिले १०० यांचे घनमूळ तीन गुणिले ∛१००. पण २७ अधिक १०० यांचे घनमूळ तीन अधिक ∛१०० नव्हे. ते केले तर साडेसातावर उत्तर येते, आणि १२७ चे खरे घनमूळ पाचाच्या किंचित वर आहे.

दुसरा इशारा खऱ्या शेततळ्याचा. तळ्याच्या कडा उभ्या ठेवल्या तर ढासळतात, म्हणून त्यांना उतार देतात. एका मीटरला एक मीटर असा उतार दिला तर तळ चोवीस बाय चोवीस उरतो आणि घनफळ २७०० नव्हे, २१९६ घनमीटर भरते. पाचशे चार घनमीटरचा फरक! आता २१९६ सुटे करा: २ × २ × ३ × ३ × ६१. गट एकही नाही. बाहेर काही येत नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो. मजुराचे एक फूट बुडवणे जसे खोटे, तसेच २१९६ खणून २७०० चे बिल लावणे खोटे. हिशेब दोन्ही बाजूंनी खरा हवा, तरच आपले तोंड वर राहते.

तिसरे उदाहरण घरातले. दोन मीटर लांब, रुंद आणि उंच अशा टाकीत आठ हजार लिटर पाणी राहते. कुटुंब वाढले, दुप्पट पाणी हवे, म्हणून भाबडा मालक सर्व बाजू दुप्पट करतो. चार चोक सोळा, सोळा चोक चौसष्ट. झाले चौसष्ट हजार लिटर, आठपट! खरोखर हवे होते सोळा घनमीटर. १६ = २ × २ × २ × २. तिघांचा गट बाहेर, एक दोन आत: २∛२, म्हणजे सुमारे २.५२ मीटर. प्रत्येक बाजू अर्ध्या मीटरहून किंचित जास्त वाढवली की पाणी दुप्पट. प्राचीन ग्रीकांना हाच घन दुप्पट करण्याचा प्रश्न नुसती पट्टी आणि कंपास घेऊन सोडवायचा होता. शतकानुशतके लोक झटले. अखेर १८३७ साली वांत्सेल या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केले की त्या दोन साधनांनी तो सुटणारच नाही.

आमच्या एका तरुण सहकाऱ्याने मग विचारले, "आकडा सुटा करताना एकाने एका बाजूने सुरुवात केली, दुसऱ्याने दुसऱ्या, तर उत्तरे वेगळी येणार नाहीत का?" प्रश्न मोलाचा होता. २७०० हे २७ × १०० असे फोडा, ५४ × ५० असे फोडा, की ६० × ४५ असे. शेवटी दोन दोन, तीन तिना आणि दोन पाच हेच हाती येतात. कोणतीही संख्या मूळ अवयवांत एकाच प्रकारे सुटते, ही गोष्ट जर्मन गणितज्ञ गाउस याने १८०१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नीट सिद्ध केली. म्हणून हा हिशेब मुकादमाने केला काय नि मजुराने केला काय, उत्तर बदलत नाही. अशा गोष्टी जगात थोड्या आहेत.

याच आधारावर आणखी एक गोष्ट कळते. ∛१०० हा पूर्णांक नाही हे पाहिले. पण तो एखादा अपूर्णांक तरी असेल काय? समजा आहे, वर एक संख्या, खाली एक संख्या. मग वरच्या संख्येचा घन हा खालच्या संख्येच्या घनाच्या शंभरपट असला पाहिजे. आता दोन्हीकडचे दोन मोजा. कोणत्याही घनात दोनांची संख्या तिनाच्या पटीत असते: शून्य, तीन, सहा, नऊ. एकीकडे तशीच आहे. दुसरीकडे मात्र शंभराने आणखी दोन दोन आणले. तेथे तिनाची पट राहिलीच नाही. दोन्ही बाजू सारख्या होणे अशक्य. म्हणजे ब्रासाच्या घनाची बाजू कोणत्याही अपूर्णांकात नेमकी सांगता येत नाही. हे कळले तेव्हा आम्हांस जो आनंद झाला, तो मागणी मान्य झाल्याच्या आनंदाहून कमी नव्हता.

हे ज्ञान परके आहे असेही समजू नये. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये घनमूळ काढण्याची रीत दिली. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतीत घन आणि घनमूळ दोन्ही आहेत. त्या रीती अंकांच्या स्थानांवरून एकेक अंक काढत जाण्याच्या आहेत, मूळ अवयवांच्या नाहीत. अवयव पाडण्याचा विचार नारायण पंडिताने १३५६ च्या गणितकौमुदीत केला आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापला. त्याचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. मात्र एक खंत बोलून दाखवतो. हे ज्ञान मठात होते, पोथीत होते. ज्यांनी मठाचे दगड घडवले त्यांच्यापर्यंत ते पोचण्याची सोय नव्हती.

या रीतीची मर्यादाही सांगून टाकू. आकडा लहान असला तर अवयव चटकन पडतात. शेकडो अंकी आकडा दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनवला, तर तो सुटा करताना आजचे संगणकही थकतात. १९७७ साली तीन गणितज्ञांनी याच अडचणीवर गुप्त लिपीची एक पद्धत उभारली आणि ती बँकांच्या व्यवहारांत जगभर वापरली गेली. आपल्या ब्रासाला आणि हौदाला मात्र दोन, तीन, पाच नि सात एवढे बहुधा पुरतात.

आता खाणीचे काय झाले ते सांगून संपवतो. दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन आम्ही खाणीवर गेलो आणि सर्वांसमोर शंभर आणि सव्वाशे सुटे करून दाखवले. वाद फार झाला नाही. आकड्यांशी किती वेळ भांडणार? त्या दिवसापासून चट्टा पाच, पाच, चार असा रचला जाऊ लागला. मागच्या तीन आठवड्यांचा फरक मात्र मिळाला नाही. कागदावर सही होती आणि सही आमची होती. त्या बाईला आम्ही म्हटले, "मावशी, चूक आमची झाली. तुमचे हात बरोबर होते." ती म्हणाली, "हात सांगत्यात, पर हाताचं कागद ऐकत न्हाई, भाऊ."

तिचे हे बोलणे आम्ही विसरलो नाही. कागदाला हाताचे ऐकायला लावील अशी एक गोष्ट आहे आणि ती पाटीवर दोन ओळींत मावते. येथे शिक्षक बसले आहेत, कॉलेजात जाणारी मुले-मुली बसली आहेत. त्यांना आमची विनंती एवढीच, की या उन्हाळ्यात जेथे काम चालू असेल तेथे एक संध्याकाळ जा. टेप न्या, खडू न्या. शंभर सुटे करून दाखवा. आम्ही ते तीन आठवडे उशिरा शिकलो. दुसऱ्या कोणाला तेवढा उशीर होऊ नये.